निरोगी, क्रमांक एकेचाळीस

वहिनीचा फोन आला तेव्हा धाकटी बर्फ फोडत होती. तिचं निम्मं आयुष्य बर्फातच जायचं. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा होती. शस्त्रक्रियेच्या खोलीतून मांसाचा तुकडा निघाला की तो बर्फात घालून वीस मिनिटांच्या आत वर आणायचा, हे तिचं काम. सगळे तिला बर्फवाली म्हणायचे. घरी मात्र ती धाकटीच होती. चाळीस ओलांडली तरी दादासाठी आणि वहिनीसाठी तिचं वय वाढायला तयार नव्हतं.

वहिनीने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. दादाच्या मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ निघाली होती. डॉक्टरांनी कॅन्सर हा शब्द स्वच्छ उच्चारला होता. गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं.

"अकरा महिने अधूनमधून रक्त जात होतं," वहिनी म्हणाली. "मी डोकं आपटून घेतलं. तर हे म्हणायचे, मी तपासलेला माणूस आहे, विचार धाकटीला."

धाकटीने "येते" म्हणून फोन ठेवला आणि उरलेला बर्फ फोडला. खालून एक नमुना यायचा होता. तिने डबा काठोकाठ भरला, झाकण लावलं, जिना उतरली. आपल्याला काहीच वाटत नाहीये हे तिच्या लक्षात आलं. तेवढंच.

दादा तपासलेला माणूस कसा झाला, ते सांगायला हवं.

त्या प्रयोगशाळेत एकाच प्रश्नामागे माणसं हात धुवून लागली होती: धडधाकट आतडं आधी पॉलिप आणि मग कॅन्सर कसं होत जातं. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवणारा कोंब. सगळेच बिघडत नाहीत, काही बिघडतात. तुमच्या डोळ्यातल्या पेशीत आणि आतड्यातल्या पेशीत जनुकं तीच असतात. कुठलं जागं आणि कुठलं झोपलेलं, एवढाच फरक. निरोगी आतड्यातली कामसू जनुकं एकेक करून थंडावतात आणि ज्यांनी पडून राहायचं ती अंग झाडून उठतात. हा बदल डोळ्यांना गाठ दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. तो मोजायचा, त्याचा तक्ता मांडायचा, आणि तक्त्यावरून ओळखायचं की हा तुकडा कुठल्या पायरीवर आहे.

त्यासाठी तीन तऱ्हेचे तुकडे लागत: निरोगी, पॉलिपचे आणि गाठीचे. आजाऱ्यांना तोटा नव्हता. अडायचं ते निरोग्यांपाशी. काहीही होत नसताना पोट साफ करण्याचं ते घाणेरडं औषध लिटरभर पिऊन, नको तिथून कॅमेरा घालून घ्यायला कोण येणार? शेवटी बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सगळ्यांना आपापले नातेवाईक आणायला सांगितलं. धाकटीने दादाला गळ घातली.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. चाळीस मजल्यांच्या खोबणीत दोरावर लोंबकळत काम करणारा माणूस. कॅमेऱ्याला काय भिणार. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, औषध प्यायला, नळी घालणाऱ्या डॉक्टरांना लिफ्टमध्ये अडकलेल्या एका लग्नाच्या वऱ्हाडाची गोष्ट ऐकवली. डॉक्टर म्हणाले, आतडं लखलखीत आहे. मग नियमाप्रमाणे उजव्या बाजूच्या अस्तराचे तांदळाच्या दाण्याएवढे चिमटे घेतले आणि त्याला घरी सोडलं. पुढे तीन वर्षं दादा ज्याला त्याला सांगत फिरला की निरोगी आतडं कसं असावं ते बघायला शास्त्रज्ञ माझं बघतात. वहिनीचे कान किटले.

नमुन्यांना नावं नसत, आकडे असत. कुठला आकडा कुणाचा याची यादी खालच्या कार्यालयात, चिटणीस बाईंच्या कपाटात कुलपाखाली. घरच्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही असाही एक नियम होता. धाकटीने तो गुंडाळून ठेवला, कारण दादाचा तुकडा दुसऱ्या कुणी वेंधळेपणाने हाताळला असता तर तिला चाललं नसतं. एकेचाळीस हा आकडा नळीवर तिनेच घातला.

त्या दिवशी त्याच ताटलीत एका रुग्ण बाईच्या पॉलिपचे दोन तुकडे होते. एक मोजायचा, एक राखीव. नळ्या उघड्या असताना उणे ऐंशीच्या फ्रीजरचा भोंगा ठणाणा वाजायला लागला. धाकटी धावली, दार दाबून लावलं, परत आली आणि काम पुरं केलं. यात विशेष काही नव्हतं. तो भोंगा आठवड्यातून दोनदा वाजायचा.

चार महिन्यांनी तक्ता आला. भिंतभर मोठा, बारीक चौकोनांचा. आडव्या ओळी जनुकांच्या, उभे रकाने माणसांचे. जागं जनुक लाल, झोपलेलं निळं. सारख्या वळणाचे रकाने संगणक आपोआप शेजारी शेजारी बसवतो. निरोगी सगळे डावीकडे, पॉलिप मध्ये, गाठी उजवीकडे. एकेचाळीस मध्ये जाऊन बसला होता. अगदी पॉलिपांच्या घोळक्यात, आणि तो सुद्धा उजव्या काठाला.

असं झालं की काय करायचं हे प्रयोगशाळेत ठरलेलं होतं. परक्या घोळक्यात सापडलेल्या नमुन्याला ते 'वाट चुकलेला' म्हणायचे. अर्थ असा की कुणाच्या तरी हातून नळ्यांची गडबड झाली. तो नमुना अभ्यासातून काढायचा आणि दारामागच्या कागदावर ज्याच्या हातून झालं त्याच्या नावापुढे एक रेघ ओढायची. तीन रेघा झाल्या की माणूस नमुन्यांवरून उठून काचसामान धुण्यावर जायचा. नमुना खरंच तसा असेल, वाट चुकली नसेलच, असं कुणी म्हणायचं नाही. म्हणणाराच वेडा ठरला असता, कारण निरोगी तो निरोगी, डॉक्टरांनी बघूनच घेतलेला.

धाकटीच्या नावापुढे दोन रेघा होत्या. तिने तक्ता बघितला. भोंगा आठवला. त्या रुग्ण बाईच्या पॉलिपचा राखीव तुकडा आपण घाईत दादाच्या नळीत टाकला, हे तिने जागच्या जागी ठरवून टाकलं. दादाच्या आतड्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. संशय घ्यायला तिचे स्वतःचे हात जवळ होते.

मग तिने एक गोष्ट केली. बैठकीच्या आदल्या दिवशी नोंदवहीत एकेचाळीससमोर लिहिलं: नमुना खराब. खराब नमुन्याला रेघ नसते. मांस आहे, खराब होतं. आकडेवाल्याला, म्हणजे संगणकावर तक्ता मांडणाऱ्या माणसाला, तिने तो रकाना काढायला सांगितला. त्याने चहा पिता पिता काढला. कुणी चकार शब्द विचारला नाही. त्याच आठवड्यात दादाचा फोन आला, माझा नमुना कसा निघाला म्हणून. ती म्हणाली, एकदम छान.

बुधवारी ती वॉर्डात गेली. सहा खाटांची खोली, दादा खिडकीपाशी. तो बराच वाळला होता, पण तोंड चालू होतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला तो रुग्णालयाच्या लिफ्टमधल्या खोडी सांगत होता. शल्यविशारद आले तेव्हा त्यांनाही त्याने ऐकवलं की तीन वर्षांपूर्वी याच रुग्णालयात त्याला निरोगी म्हणून उभं केलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, तेव्हाही तिथे काहीतरी असणार, सपाट, अस्तराला चिकटलेलं. उजव्या बाजूला असे पॉलिप कॅमेऱ्याला हुलकावणी देतात.

दादाने मान डोलावली. धाकटी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. 'उजव्या बाजूला' हे दोन शब्द तिच्या कानात गेले आणि तिथेच राहिले. ती म्हणाली, मी जरा वर जाऊन येते.

वर दुपारची सामसूम होती. तिने जुन्या अभ्यासाची फाईल उघडली. काढून टाकलेले रकाने पुसत नाहीत, शेवटी ढकलून ठेवतात. कुठली ओळ बघायची ते तिला माहीत होतं. काही जनुकं फक्त पुरुषांच्या पेशींत असतात. बाईच्या तुकड्यात त्यांचा आकडा शून्याच्या आसपास हवा. पॉलिपवाल्या बाईच्या रकान्यात शून्य होतं. एकेचाळीसच्या रकान्यात आठशे बारा. दुसरं जनुक बघितलं. तेही तसंच. तिसरं बघायची गरज नव्हती, तरी बघितलं.

मग ती फ्रीजरपाशी गेली, जाड हातमोजे घातले, त्या वर्षीचा डबा काढला. बाईचा राखीव तुकडा आपल्या खाचेत होता, जिथे असायला हवा तिथेच.

नळीत दादाच होता. तीन वर्षांपूर्वी तो चिमटा नेमका त्या सपाट, न दिसणाऱ्या जागेतून निघाला होता, आणि दादाच्या जनुकांनी मोजणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं होतं की इथे बिघाड चालू झालाय. धाकटीच्या हातून त्या दिवशी काहीही चुकलं नव्हतं. न केलेली चूक तिने लपवली होती, आणि लपवताना दादालाच झाकून टाकलं होतं.

तिने घड्याळ बघितलं. फाईल उघडल्यापासून आकडा दिसेपर्यंत चार मिनिटं लागली होती. तिने डबा जागेवर ठेवला, त्यावरचं दव पुसलं, हातमोजे खुंटीला लावले. रडायला हवं असं तिला वाटलं, पण रडू येत नव्हतं. हात बधिर होते ते थंडीने, बाकी सगळं कशाने बधिर होतं ते तिला कळेना. ती खाली गेली, दादाला संत्रं सोलून दिलं. त्याला खायला बंदी होती; ते परिचारिकेने येऊन उचललं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, नियमाप्रमाणे तिचा एक तुकडा वर आला. बर्फाचा डबा दुसरीने नेला होता. धाकटी दाराशी उभी राहून बघत होती, आकडा नीट लिहिला जातोय ना एवढंच. शुक्रवारी शल्यविशारदांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं की आतड्यातली गाठ पूर्ण काढली, पण यकृतावर डाग आहेत, तीन. केमोथेरपी सुरू करू. आयुष्य वर्षांत मोजता येईल असं ते म्हणाले नाहीत. वहिनीने धाकटीचा दंड धरून विचारलं, लवकर कळलं असतं तर?

धाकटीला उत्तर पाठ होतं. त्या पायरीवर कळलं असतं तर कॅमेऱ्याच्याच नळीतून खरवडून काढता आलं असतं. पोट फाडावंही लागलं नसतं. माणूस संध्याकाळी घरी. ती वहिनीला म्हणाली, सांगता येत नाही. घरच्यांशी हे तिचं दुसरं खोटं, आणि पहिल्यापेक्षा ते सोपं गेलं.

सोमवारी ती बाईंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची. धाकटीची वळली नाही. तिला भीती वाटत नव्हती, म्हणजे काहीच वाटत नव्हतं. बाईंनी तिला बसायला सांगितलं, स्वतः संगणकावर ती ओळ बघितली. मग आपणहून शेवटी ढकललेले बाकीचे रकाने उघडले. साठ निरोग्यांपैकी आणखी तिघे 'वाट चुकलेले' होते, वेगवेगळ्या हातांचे. त्यांनी तिघांचीही तीच ओळ आणि माणसामाणसात वेगळ्या असणाऱ्या आणखी काही ओळी तपासल्या, मग ज्यांच्याशी गडबड झाली असं मानलं होतं त्यांच्याही. एकाही ठिकाणी गडबड नव्हती.

बाईंनी उठून दारामागचा रेघांचा कागद काढला, आणि काढल्यावर तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना. शेवटी त्या म्हणाल्या की हा अभ्यास होता, तपासणी नव्हती. संमतीपत्रात निकाल कळवणार नाही असं लिहिलेलं आहे. कळवायचं तर समितीला विचारावं लागेल, आणि समिती पुढच्या महिन्याच्या अखेरीस बसते. तोवर कुणाशी बोलायचं नाही. तुझ्या भावाशीसुद्धा नाही, असं त्या बजावून म्हणाल्या. धाकटीच्या नोकरीचं काय ते नंतर बघू.

त्यांचं काही चूक होतं असं नाही. अर्धवट माहितीवर माणसांना घाबरवू नये हे धाकटीनेच नव्या मुलींना दहा वेळा शिकवलं होतं. ती हो म्हणाली.

मंगळवारी दुपारी ती वॉर्डात गेली. वहिनी कपडे आणायला घरी गेली होती. शेजारचा म्हातारा तोंडावर पांघरूण घेऊन झोपला होता. दादा उशीला टेकून बसला होता, नाकातली नळी काढल्यामुळे खुशीत. तिला बघून म्हणाला, या शास्त्रज्ञ. तिने स्टूल ओढलं आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. भोंगा, तक्ता, दोन रेघा, नोंदवही, फोनवरचं 'छान', आठशे बारा. तिने काही गाळलं नाही आणि काही रंगवलंही नाही. कुणा तिसऱ्याची हकिकत सांगावी तशी सांगितली, आणि तशी सांगता येते याचीच तिला किळस आली.

दादाने ते ऐकून घेतलं. लिफ्टच्या खोबणीत खालून कुणी काही ओरडलं की तो असाच थांबून ऐकायचा म्हणे. तिचं संपल्यावर तो सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिला.

"ते बघायला किती वेळ लागतो?" त्याने विचारलं. "नळीत बाई आहे की पुरुष, ते."

"चार मिनिटं."

त्याने हुं केलं. बाटलीत थेंब पडत होते. तिला वाटलं आता ओरडेल. ओरडावं, शिव्या घालाव्या, हातातला पेला फेकावा, म्हणजे एकदाचं आपल्याला काहीतरी लागेल.

"मला विचारायचंस ना," तो म्हणाला. "म्हणायचंस, दादा, तुझी नळी माझ्याकडून बिघडली, परत ये. मी आलो असतो. आणखी अर्धी रजा टाकली असती, त्यात काय."

तेव्हा तिला लागलं. नेमकं तिथे, कारण हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तीन वर्षांत एकदाही नाही. तक्ता, आकडे, जनुकं यांतलं काही न कळताही सगळं निस्तरता आलं असतं. फक्त भावाला फोन करून माझी चूक झाली असं म्हणायला हवं होतं. तो हसला असता, तिला वेंधळी म्हणाला असता, आणि आला असता. पुन्हा चिमटा, पुन्हा तोच निकाल, आणि मग कुणालाच गडबड म्हणता आलं नसतं. तिने त्याच्या हाताकडे हात नेला. त्याने आपला हात काढून घेतला नाही, पण तिचा धरलाही नाही.

"यकृताचं वहिनीला तू सांगितलंस की डॉक्टरांनी?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"डॉक्टरांनी."

"हे तिला मी सांगेन. तू नको."

ती बरं म्हणाली. तो पुन्हा बाटलीकडे वळला. मग काहीतरी आठवल्यासारखा थांबला.

"असे माझ्यासारखे अजून किती?"

"तिघे."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही. समिती बसणार आहे. पुढच्या महिन्याच्या अखेरीला."

"म्हणजे रक्त गेलं तरी ते घरात सांगत असणार, आम्ही तपासलेले आहोत."

यादी चिटणीस बाईंच्या कपाटात आहे, कार्यालय पाचला बंद होतं, मला बोलायची मनाई आहे, हे सगळं तिच्या तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं.

"मग इथे काय बसलीस?" दादा म्हणाला.

त्याने डोळे मिटून घेतले होते. हे तिला कामाला लावणं होतं की नजरेसमोरून घालवणं, ते तिला कळलं नाही, आणि विचारण्याचा हक्क आपल्याला उरलाय असं वाटलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. तिने वहिनीसाठी स्टूल पुन्हा खाटेजवळ नीट ठेवलं. जिन्यात तिला रडू फुटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, चांगलं हमसून. वरून येणारी एक परिचारिका बाजूला झाली. धाकटी थांबली नाही, रडत रडतच कार्यालयाच्या दिशेने चालत राहिली.